बोंड फुटतं तेव्हा कापूस तयार होत नाही

‘उन्हानं बोंड फुटलं, की आत कापूस तयार होतो.’ जळगाव जिल्ह्यात बोदवडकडे वेचणीच्या दिवसांत हे वाक्य हमखास कानावर येतं, तेही शिकल्यासवरल्यांच्या तोंडून. ते साफ चूक आहे. बोंड फुटतं तेव्हा कापूस कधीच तयार झालेला असतो आणि त्यातला प्रत्येक तंतू मेलेला असतो.

मेलेला, कारण तो आधी जिवंत होता. सरकीवरचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडी जेमतेम २० मायक्रॉन, अमेरिकन कापसात लांबी मात्र २५ ते ३० मिलिमीटर. फूल उमलतं त्याच सुमारास बीजांडाच्या सालीवरच्या काही पेशी वर डोकावतात आणि साधारण तीन आठवडे नुसत्या लांबत जातात. पाण्याचा दाब आतून सगळीकडे सारखाच असतो, मग त्या फुगून गोल का होत नाहीत? कारण पेशीपटलाला आतून ट्युब्युलिन या प्रथिनाच्या नळ्या आडव्या लागलेल्या असतात, जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या. सेल्युलोज तयार करणारी यंत्रणा त्यांच्या रेषेत सरकते आणि पिंपाला कड्या घालाव्यात तसे भिंतीत सेल्युलोजचे आडवे वेढे पडतात. मग रुंदी वाढू शकत नाही, लांबीच वाढते. भिंतीसाठी लागणारा माल ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या दोऱ्यांवरून पोचतो. लांबी पुरी होत आली की नळ्या तिरप्या होऊन मळसूत्रासारख्या वळतात आणि सेल्युलोजचे पुढचे थर त्याच वळणानं चढतात. तंतू वाळल्यावर त्याला पीळ बसतो तो यामुळेच.

‘हे कोणी पाहिलंय?’ असं कुणी विचारेलच. संशोधक रॉबर्ट सीगल यांनी १९९०मध्ये ‘प्रोटोप्लाझ्मा’ या नियतकालिकात कापसाच्या तंतूंवरचे असे प्रयोग मांडले आहेत. कोल्चिसिनसारख्या द्रव्यांनी नळ्या मोडल्या, तर भिंतीतल्या सेल्युलोजची मांडणीही बिघडते.

शेतात याचा अर्थ सरळ आहे: बोंड फुटायला लागल्यावर धागा लांबावा म्हणून फवारणी करणं म्हणजे पैसे मातीत घालणं. लांबी ठरते फुलानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. ताण नको तो तेव्हा.

या नळ्या आणि दोरे मिळून झालेला पेशीतला सांगाडा हाडासारखा पक्का असतो, हेही खरं नाही. नळ्या सतत मोडतात आणि नव्यानं जुळतात.

जिनिंगमध्येही धागा तयार होत नाही. तिथे रुई आणि सरकी फक्त वेगळी होतात.

आणि आखूड धागा म्हणजेच कच्चा धागा, असंही नाही. लांबी पुरी होऊनही भिंत पातळ राहिली, तर तो तंतू कच्चाच, आणि त्यावर रंगही नीट चढत नाही.