जोगप्पांचा मान आणि माणसांचे हक्क

पुण्याकडून बंगळूरकडे जाताना धारवाडच्या अलीकडे बेलूरची औद्योगिक वसाहत लागते आणि तिच्याच परिसरात कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहे. २००८ साली ते फिरतं पीठ म्हणून सुरू झालं आणि २०१३ पासून कायमचं झालं. तिथून चाळीसेक किलोमीटरवर सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या हक्कांचा मागोवा घ्यायचा तर आपण सहसा मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानापासून किंवा दिल्लीच्या न्यायालयांपासून सुरुवात करतो. पण कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी-धारवाड या पट्ट्यात या माणसांचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा मेळावा डोंगरावरच्या पुनवेच्या यात्रेत भरत आला आहे. जन्मानं पुरुष, पण देवीनं धरलं म्हणून लुगडं नेसलेले जोगप्पा, आपल्याकडचे जोगते, डोक्यावर देवीचा जग, गळ्यात दर्शनाची माळ आणि काखेत चौंडकं घेऊन तिथे येतात, आणि लोक वाकून त्यांच्या पाया पडतात. या दृश्यावरून एक निष्कर्ष फार लवकर काढला जातो की आपल्या समाजानं या माणसांना पूर्वीच सामावून घेतलं होतं, हक्कांची भाषा नंतर बाहेरून आली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा हिशेब मांडला तर मला उलटंच दिसतं. इथे मान होता, हक्क नव्हता. आणि जो हक्क आज थोडाफार पदरात पडला आहे तो मानातून उगवलेला नाही. माणसं एकत्र आली, न्यायालयात गेली, कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभी राहिली, म्हणून तो मिळाला.

मान कशाचा होता ते नीट पाहायला हवं. तो माणसाचा नव्हता, माणसात संचारलेल्या देवीचा होता. मुलाच्या चालण्या-बोलण्यात बाईपण दिसलं, केसात जट आली, आजार बरा होईना, की देवीनं बोलावलं असा अर्थ लावला जायचा. त्या अर्थानं त्या मुलाला मारापासून एक आडोसा मिळायचा, हे खरंच आहे. ते नाकारून चालणार नाही, कारण ज्या घरात असा आडोसाही नव्हता तिथल्या मुलांचं काय झालं याची नोंदही कुठे नाही. पण त्या बदल्यात त्यानं संसार करायचा नाही, मंगळवार-शुक्रवारी दारोदार जोगवा मागायचा आणि त्यावर जगायचं, हे ठरूनच गेलं. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी आणि त्यांच्या आधारानं राजीव पाटील यांनी केलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटानं मराठी माणसाला ही कोंडी दाखवली. लग्नाच्या मांडवात ज्याला आशीर्वादासाठी बोलावतात त्याला भाड्यानं खोली द्यायला कोणी तयार नसतं, या विसंगतीवर यात्रेतल्या भक्तीचा काही उतारा नाही. सरकारनं या प्रथेकडे पाहिलं तेही अर्ध्या डोळ्यांनी. कर्नाटकचा देवदासी समर्पण बंदीचा १९८२ चा कायदा स्त्रियांपुरता होता. देवीला वाहिलेल्या बायकांसाठी पुढे पुनर्वसनाच्या योजना निघाल्या, पण त्याच देवीला वाहिलेला जोगप्पा त्या कायद्याच्या व्याख्येतच बसत नव्हता.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे या मानाच्या चौकटीत एकाच प्रकारच्या माणसाला जागा होती. बाईवर प्रेम करणारी बाई, बाईच्या देहात जन्मलेला पुरुष, देवीचं काही अंगात न येता फक्त दुसऱ्या पुरुषावर जीव असलेला आणि इतरांसारखीच नोकरी करणारा तरुण यांच्यासाठी डोंगरावरही जागा नव्हती आणि गावातही नव्हती. बेलूरच्या कारखान्यात पाळी करणारा असा तरुण जोगप्पा होऊ शकत नाही, आणि त्यानं का व्हावं? परंपरेत सर्व काही होतं असं म्हणणाऱ्यांनी या माणसांची जागा दाखवून द्यावी.

या माणसांना पहिल्यांदा एकत्र बसायला जागा मिळाली ती एका आजारामुळे, एचआयव्हीमुळे. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. बंगळूरला १९९९ मध्ये संगम सुरू झाली, पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. आपल्या पट्ट्यात मात्र सुरुवात झाली सांगलीत. १९९२ पासून मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर एचआयव्ही प्रतिबंधाचं काम हाती घेतलं आणि पुढे त्याच वातावरणात पुरुष व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना उभी राहिली. संसर्गाचं प्रमाण ज्या जिल्ह्यांत जास्त होतं त्यांत बेळगाव आणि सांगली होते, म्हणून उत्तर कर्नाटकातही २००३ नंतर मोठा निधी आला. हा पैसा माणसांसाठी कमी आणि साथ आवरण्यासाठी जास्त होता, ही टीका बरोबर आहे. कागदावर ही माणसं ‘जोखमीचा गट’ होती. पण त्या पैशातून भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत पहिल्यांदाच कोणाला खोटं नाव न सांगता चहा पिता आला, पोलिसांनी उचललं तर फोन करायला एक नंबर मिळाला, आणि अर्ज कसा लिहायचा हे शिकलेली माणसं तयार झाली. पुढच्या प्रत्येक लढ्यात हीच माणसं पुढे होती.

मानाची किंमत किती, हे २०११ साली उघड झालं. त्या वर्षी कर्नाटकनं आपल्या पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घातलं. हिजड्यांपैकी ज्यांच्यावर मुलं पळवण्याचा, खच्चीकरणाचा किंवा ‘अनैसर्गिक’ गुन्ह्यांचा संशय असेल त्यांच्या नावा-पत्त्यांची नोंदवही पोलिसांनी ठेवावी आणि त्यांच्या हालचालींवर बंदी घालता यावी, अशी ती तरतूद. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात जवळजवळ हेच केलं होतं. म्हणजे ज्या राज्यात यल्लम्माच्या जोगप्पाला हात जोडले जातात त्याच राज्याच्या विधिमंडळानं, १४० वर्षांनंतर, त्याच्यासारख्यांना जन्मजात संशयित ठरवलं. ते रोखायला देवीचे भक्त पुढे आले नाहीत. कर्नाटक लैंगिक अल्पसंख्याक मंच उच्च न्यायालयात गेला आणि २०१६ मध्ये सरकारला कलमातला हिजड्यांचा उल्लेख काढावा लागला.

मधल्या काळात दिल्लीतून एक मोठा आधार आला होता. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी सर्वोच्च न्यायालयात राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्या याचिकेत आपल्याकडच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत सामील होत्या. निकाल सगळ्या देशासाठी होता, पण तो वापरला कोणी आणि किती, यात राज्याराज्यांत फरक पडला. कर्नाटकनं २०१७ मध्ये धोरण आणलं, ‘मैत्री’ योजनेतलं निवृत्तिवेतन टप्प्याटप्प्यानं वाढवलं, २०२४ च्या अर्थसंकल्पात ते ८०० वरून १२०० रुपये केलं. पोलीस भरतीत तृतीयपंथीयांना जागा का नाही, असा सवाल संगम संस्थेनं न्यायालयात केला, तेव्हा २०२१ मध्ये सरकारनं नोकरभरतीच्या नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक प्रवर्गात एक टक्का समांतर आरक्षण दिलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याच वर्षी राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत त्यांच्यासाठी काही जागा ठेवल्या गेल्या. आणि त्याच वर्षी बळ्ळारी जिल्ह्यातल्या मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपतींसमोर उभं राहून त्यांनी लुगड्याच्या पदरानं त्यांची दृष्ट काढली ती चित्रफीत लाखोंनी पाहिली. मंजम्मा २०१९ पासून कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष होत्या, सरकारी संस्थेच्या खुर्चीवर बसून काम करत होत्या, हे मला त्या चित्रफितीइतकंच मोलाचं वाटतं. जोगती नृत्य जपणारी व्यक्ती निर्णय घेणाऱ्या जागी बसली, तिथे मानाला पहिल्यांदा अधिकाराची जोड मिळाली.

आक्षेप अनेक आहेत. हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे, हा सर्वांत जुना. मराठी माणसाला तर तो मुळीच शोभत नाही. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून समलिंगी वर्तनाबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना शास्त्राच्या आधारानं उत्तरं देत होते आणि त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. न्यायालयात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण मराठी भाषेत हा प्रश्न शरमेतून बाहेर काढून विचाराच्या पातळीवर नेण्याचं काम नव्वद वर्षांपूर्वीच झालं होतं. बाहेरून आलेला होता तो १८६० च्या दंडसंहितेतल्या ३७७ कलमानं समलिंगी संबंधांना ठरवलेला गुन्हा, आणि तो पुसणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं.

दुसरा आक्षेप आरक्षणाचा. इतक्या थोड्या लोकांसाठी वेगळी तरतूद कशाला? २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात कर्नाटकात २०,२६६ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. हा आकडा कमी असण्याचं एक कारण उघड आहे. मोजणाऱ्याला उत्तर देतो तो घराचा कर्ता, आणि घरातलं हे सत्य तो कशाला सांगेल? शिवाय संख्या कमी म्हणून हक्क कमी, हा न्याय आपण इतर कोणाला लावत नाही. तिसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. कायदा बदलला तरी माणसाचं मन बदलत नाही, मग उपयोग काय? नुसत्या कायद्यावर विसंबणं चूक आहे हे खरंच. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्याकडे पाहावं. लैंगिक अत्याचार बाईवर झाला तर किमान दहा वर्षांची शिक्षा आणि तृतीयपंथीयावर झाला तर जास्तीत जास्त दोन वर्षं, असा भेद त्या कायद्यानंच घालून दिला. म्हणजे कायदाही समाजाचं मन घेऊनच जन्माला येतो. पण म्हणून तो सोडून द्यायचा नसतो. मन बदलेपर्यंत भाकरी थांबत नाही. ज्याच्या खात्यात दरमहा काही रक्कम जमा होते त्याला घरमालकाशी आणि भावाशीही वेगळ्या आवाजात बोलता येतं.

समलिंगी माणसांची कहाणी याहून अपुरी राहिली आहे. २००८ मध्ये मुंबई आणि बंगळूरला, २०११ मध्ये पुण्यात अभिमान यात्रा निघाल्या. त्यांना शहरी चैन म्हणणं अन्यायाचं आहे, कारण हुबळीतला मुलगा वर्षातून एक दिवस पुण्याच्या गर्दीत जाऊन उभा राहतो तेव्हा आपण एकटे नाही एवढं त्याला कळतं, आणि एवढ्यावर काही जीव वाचले असतील. पण यात्रेहून परतल्यावर तो पुन्हा घरच्या स्थळांच्या यादीपुढे बसतो. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि प्रश्न संसदेकडे सोपवला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्रानं एवढं स्पष्ट केलं की अशा जोडप्याला एका शिधापत्रिकेवर राहता येईल, बँकेत संयुक्त खातं काढता येईल. विवाहाच्या मानानं हे फार थोडं आहे. तरी दोन बायका एकत्र राहतात याची सरकारी कागदावर नोंद व्हावी, ही सोय धारवाडच्या एखाद्या बँकेत जाऊन आज मागता येते. ती मागितली गेली पाहिजे.

आपल्या पट्ट्यातली खरी अडचण राज्याच्या सीमेची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गडहिंग्लजचा जोगता आणि पलीकडे संकेश्वरचा जोगप्पा एकाच डोंगरावर जातात, एकच गाणी म्हणतात, अनेकदा एकमेकांच्या नात्यातही असतात. पण पलीकडच्याला मैत्रीचं निवृत्तिवेतन आणि एक टक्का आरक्षण आहे. अलीकडच्यासाठी महाराष्ट्रानं २०२० मध्ये कल्याण मंडळ नेमलं, तरी आरक्षणाची मागणी आली तेव्हा, २०२३ साली, अतिरिक्त आरक्षण देणं अवघड असल्याचं सरकारनं मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं. ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, तेही राहत्या जिल्ह्यात, आणि जोगव्यावर जगणाऱ्या माणसाकडे राहत्या पत्त्याचा पुरावा असेलच असं नाही. महाराष्ट्रानं कर्नाटकाचा नियम जसाच्या तसा घ्यावा, त्यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. आणि बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, सांगली या चार जिल्ह्यांच्या प्रशासनांनी पुढच्या माघी पुनवेला सौंदत्तीच्या पायथ्याशी एकत्र शिबिर लावून ओळखपत्राचे आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. माणसं तिथे नक्की येतात.