प्रांत आणि पडदा – लेखांक ६ : भोरचा सोंगाड्या

भोर आणि वेल्हे हा मुलूख मराठी चित्रपटात पहिल्यांदा आला तो इतिहासाच्या वाटेने. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्ह्यातले, त्यामुळे शिवकालावरच्या चित्रपटांत या डोंगरांचा उल्लेख टळत नाही. मात्र त्यातला मावळा कायम सतराव्या शतकातला असतो. भातखाचरात राबून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या त्याच्या वंशजाला तिथे जागा नव्हती. ती त्याला दादा कोंडके यांनी दिली.

कोंडके घराणे मूळचे भोर संस्थानातल्या इंगवली गावचे. दादांचा (मूळ नाव कृष्णा) जन्म मात्र १९३२ साली मुंबईत, नायगावच्या चाळीत झाला. या दोन ठिकाणांमधले अंतर म्हणजेच मावळाचा अलीकडचा इतिहास आहे. पाऊस भरपूर, पण जमिनी लहान आणि उताराच्या. मुख्य पीक भाताचे. कापणी उरकली की हाताला काम नाही. म्हणून घरटी एखादा तरी गडी मुंबईच्या गिरणीत लागे, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राही, खानावळीत जेवे आणि जत्रेला गावी येई. तमाशा, भजन, बँड हे सारे त्याच्याबरोबर गिरणगावात आले. दादाही बँडपथक आणि सेवादलाचे कलापथक यांतून घडले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातल्या हवालदाराने त्यांना नाव मिळवून दिले. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) ते पडद्यावर आले.

‘सोंगाड्या’ (१९७१) हा त्यांनी स्वतः काढलेला पहिला चित्रपट. पटकथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे. धाकात ठेवणारी ‘आये’, ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी आणि तमाशातल्या कलावतीवर भाळलेला भोळा नाम्या एवढ्यावर तो उभा आहे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘तेरे मेरे सपने’ या हिंदी चित्रपटासाठी तो नाकारला गेला, तेव्हा शिवसेना मध्ये पडली आणि तो लागला. त्याला गर्दी करणाऱ्यांत गिरणगावातला घाटावरचा माणूस मोठ्या संख्येने होता. नाम्या त्याच्या ओळखीचा होता.

‘एकटा जीव सदाशिव’मध्ये (१९७२) खेड्यात वाढलेला मुलगा श्रीमंत आईबापांच्या शहरी घरात येतो आणि तिथल्या रीतीभातींची फजिती करतो. ‘पांडू हवालदार’ (१९७५) हे दादांचे पहिले दिग्दर्शन. त्यात शहर पोलिसाच्या नजरेने, म्हणजे रस्त्यावरून दिसते. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर टीका झाली आणि उत्तरकाळातल्या चित्रपटांबाबत ती रास्तही आहे. सुरुवातीच्या चित्रपटांतला चावटपणा मात्र थेट तमाशाच्या बतावणीतला आहे. फडातल्या विनोदावर हसणाऱ्यांना तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

मल्याळम चित्रपटाशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. ‘चेम्मीन’मध्ये (१९६५) केरळचा किनारा आणि तिथला कोळी समाज प्रत्यक्ष दिसतो, ‘पत्तेमारी’त (२०१५) आखातात गेलेल्या माणसाचे घरापासून तुटणे हाच विषय आहे. दादांच्या चित्रपटांत असा ठरावीक भूगोल नाही. त्यांतले गाव कुठलेही असू शकते. प्रदेश येतो तो बोलीतून, आये-लेकाच्या नात्यातून आणि शहरी माणसाची टर उडवण्याच्या खोडीतून. स्थलांतराचे दुःख हा त्यांचा विषयच नाही. स्थलांतरिताने सुट्टीच्या दिवशी ज्यावर हसावे, ते त्यांनी दाखवले. यात उणेपणाही आहे: भातशेती, धरणाखाली गेलेली गावे, गिरणीतली पाळी यांचे चित्रण त्यात शोधू नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव हळूहळू विस्कटले. बरेच कामगार गावी परतले. दादांनी १९८४ मध्ये ‘तेरे मेरे बीच में’ काढून हिंदीत पाऊल टाकले. चावटपणा त्यांच्याबरोबर तिकडे गेला. नाम्याची बोली मात्र हिंदीत उतरली नाही.