एक आरोप, दोन निकाल

जॉनी डेप खरा की अँबर हर्ड? मंडळी, आधी न्यायालयांना काय विचारलं होतं ते पाहू. लंडनच्या दाव्यात, डेप पत्नीला मारहाण करायचा हे सिद्ध करण्याची जबाबदारी ‘द सन’ या वृत्तपत्रावर होती. २०२० साली न्यायाधीशांनी १४पैकी १२ प्रसंग सिद्ध मानले, डेप हरला. २०२२ साली व्हर्जिनियात उलट. हर्डचं लिखाण खोटं, आणि तेही जाणूनबुजून किंवा बेपर्वाईनं केलेलं, हे डेपनंच दाखवायचं होतं. म्हणजे ओझं जास्त जड! तरी तो जिंकला. तेव्हा नुसत्या ‘कुणी सिद्ध करायचं’ यानं कोडं सुटत नाही. लंडनला हर्ड साक्षीदार होती, इथं प्रतिवादी. तिथल्या न्यायाधीशांनी कारणं लिहून दिली. इथं सात ज्यूरींनी फक्त उत्तरं नोंदवली. त्यांनीच हर्डलाही एका मुद्द्यावर २० लाख डॉलर दिले. का, ते त्यांना लिहावं लागलं नाही.