खापरलेख

मातीच्या फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर लिहिलेला वा कोरलेला मजकूर. यास ‘ऑस्ट्राकॉन’ ही ग्रीक संज्ञा रूढ आहे. प्राचीन ईजिप्तमध्ये पपायरस महाग पडे, फुटके खापर मात्र फुकट मिळे. त्यामुळे हिशेब, पावत्या, पत्रे, मुलांचे धडे इ. किरकोळ लेखन खापरांवर किंवा चुनखडकाच्या कपच्यांवर बोरूने व काजळीच्या शाईने करीत. लिपी काळानुसार हायरॅटिक, डेमॉटिक, ग्रीक वा कॉप्टिक असे. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या दैर अल्-मदीना या वस्तीत असे हजारो लेख मिळाले. ब्रिटिश म्युझियममधील एका कपचीवर कामगारांच्या गैरहजेरीची कारणे नोंदली आहेत : कोणी आजारी, कोणास विंचू चावलेला, तर कोणी घरी बिअर करीत राहिलेला. राजांच्या भव्य शिलालेखांत ही माणसे अशी कधीच भेटत नाहीत.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय असा एक खापरलेख तांबड्या समुद्राकाठच्या कुसेर अल्-कदीम (प्राचीन मायोस हॉर्मोस) येथे सापडला. तो ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून रिचर्ड सॉलोमन यांनी १९९१ मध्ये त्याची चर्चा केली. त्यात विण्हुदत (विष्णुदत्त) इ. तीन व्यक्तींची नावे आणि तेल, मांस व मद्य या जिनसा आहेत. परदेशी बंदरात उतरलेल्या भारतीयांच्या शिधासामग्रीची ही यादी असावी.

जुन्नर परिसरातील सातवाहनकालीन कोरीव लेखही ब्राह्मी-प्राकृतच आहेत. नाणेघाटातून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या मार्गामुळे जुन्नर भरभराटले. तेथील लेण्यांत इरिल या यवनाने दोन पोढी (पाण्याची टाकी) व चिट या यवनाने भोजनमंडप दिल्याचे लेख आहेत. श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीही नोंदल्या आहेत. तथापि खडकावर चढले ते दानच. दात्यांचा रोजचा बाजारहिशेब ज्या नाशवंत साधनांवर लिहिला गेला, ती दख्खनच्या पावसाळी हवेत टिकली नाहीत. म्हणून या काळातील प्राकृत बोलणाऱ्यांची खाण्यापिण्याची साधी यादी वाचावयाची, तर ईजिप्तच्या कोरड्या वाळूकडे वळावे लागते.

महाराष्ट्रातील उत्खननांत मिळणारी अक्षरे बहुधा भांड्यावर कोरलेली, तुटक व एखाद्या नावापुरती असतात. शाईचा लेख पाण्याने पुसला जातो. यास्तव खापरे धुण्यापूर्वी ती दोन्ही बाजूंनी तपासणे आवश्यक असते.