‘५०’ म्हणजे १९५० की २०५०?

समजा, तुमच्या हातात जुन्या सर्वेक्षणाची फाईल आली आणि जन्मतारखेच्या कॉलममध्ये २६-०१-५० असं लिहिलंय. आपण लगेच १९५० म्हणतो. डेटाबेसला तसा अंदाज बांधता येत नाही. त्याच्याकडे एक ठरलेली सीमारेषा असते: अमुक आकड्यापर्यंतची वर्षं दोन हजारात, त्यापुढची एकोणीसशेत.

गंमत म्हणजे ही रेषा प्रत्येकाची वेगळी. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ०० ते ६९ म्हणजे २००० ते २०६९ समजतात, म्हणून तिथे ५० चं २०५० होतं. एसक्यूएल सर्व्हरची डीफॉल्ट रेषा २०४९ वर आहे, तिथे तेच १९५०. ओरॅकलमध्ये तुम्ही साचा कोणता लिहिला त्यावर सगळं ठरतं: ‘आरआर’ असेल तर १९५०, ‘वायवाय’ असेल तर चालू शतक, म्हणजे २०५०. पायथनची रेषा ६८ वर आहे, त्यामुळे ६९ साली जन्मलेला माणूस पायथनमध्ये १९६९ चा आणि मायएसक्यूएलमध्ये २०६९ चा! आणि १५-०८-४७? इथे मात्र सगळ्यांचं एकमत: २०४७.

(मायएसक्यूएलला क्रम न सांगता १०-११-१२ दिलंत, तर ते १० हेच वर्ष धरतं. आपली १० नोव्हेंबर २०१२ तिथे १२ नोव्हेंबर २०१० होते. हा वेगळाच घोळ.)

२०४७ चा तसा त्रास नाही. वय उणे येतं आणि चूक पकडली जाते. भीती आहे ती गुपचूप होणाऱ्या चुकीची. २०२२ च्या कुटुंब सर्वेक्षणात ‘२१’ असेल, तर ते एक वर्षाचं बाळ की १०१ वर्षांच्या आजी? डेटाबेस बाळ म्हणेल आणि कुठलीही एरर येणार नाही. तुमचं सरासरी वय मात्र बदललेलं असेल.

म्हणून फाईल आत घेताना तारखेचा कॉलम आधी मजकूर म्हणूनच घ्या आणि तो तसाच जपून ठेवा. एकदा रूपांतर झालं की मूळ नोंदीत वर्षाचे चार आकडे होते की दोन, हेच कळत नाही. शतक ठरवायला शेजारचे कॉलम बघा: सांगितलेलं वय, शिक्षण, कुटुंबप्रमुखाशी नातं. ‘प्रमुखाची आई’ असं लिहिलं असेल तर ते बाळ नक्कीच नाही. आणि वय काढताना आजची तारीख नको, मुलाखतीची घ्या. तरीही ज्या नोंदींचं शतक ठरत नाही, त्या रिकाम्या सोडा आणि अशा किती सोडल्या तो आकडा प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहा.