पुळणीवरचा काटेरी गडगा

गोव्याच्या पुळणीवर वारा भरात असताना फिरावयास गेलेल्यांनी एक गंमत पाहिली असेल. नारळाहून मोठा, काटेरी असा गवती चेंडू वाळूवरून उड्या घेत धावत असतो आणि त्याच्यामागे लागलेली मुले शेवटी बोटे टोचून घेतात. हा चेंडू म्हणजे एका किनारी गवताचा मादी फुलोरा होय. देठापासून सुटून तो वाऱ्याबरोबर गडगडत जातो आणि वाटेत बी विखुरतो. वनस्पतिशास्त्रात या गवतास ‘स्पिनिफेक्स लिटोरियस’ म्हणतात. तामिळ व मल्याळम भाषांत त्याचे नाव ‘रावणाच्या मिशा’ या अर्थाचे आहे. निळसर करड्या, ताठ व अणकुचीदार पानांचे झुपके पाहिले की ते नाव पटते.

आमचे आजोळ पेडणे तालुक्यातील किनाऱ्यालगत आहे. घरापुढे माडांचे भाट आणि त्यापलीकडे वाळूचे टेकाड. एके वर्षी, पाहुण्यांच्या पायांना काटे लागू नयेत म्हणून मामांनी भाटाच्या टोकाचे हे गवत उपटून टाकविले. जागा स्वच्छ व सुरेख दिसू लागली. पुढच्या उन्हाळ्यात मात्र वाळू माडांच्या आळ्यांत, अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊ लागली. मामी रोज घमेलेभर वाळू ओसरीवरून झाडून काढीत. पावसाळ्यात उधाणाने टेकाडाचा पायथा खाल्ला आणि दोन माड आडवे झाले. तेव्हा मामा म्हणाले, “कचरा म्हणून काढला, तो आपला गडगा होता!”

मामांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. वाळू घेऊन येणारा वारा या पानांत अडखळतो, मंदावतो आणि आपले ओझे तेथेच टाकतो. इतर रोपे वाळूखाली गुदमरतात. हे गवत मात्र वर वर वाढत जाते. त्याचे लांबलचक धावते खोड पेरापेरांतून मुळे सोडते आणि साचलेली वाळू बांधून ठेवते. अशा रीतीने टेकाड उभे राहते. त्यात मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. किनाऱ्यालगतच्या विहिरींना गोडे पाणी मिळते ते याच साठ्यातून. पानांवरील मेणचट थरामुळे व त्यांच्या वळलेल्या आकारामुळे बाष्प कमी उडते आणि खाऱ्या वाऱ्यातही गवत टिकते.

समुद्राकाठी ज्यांची परसबाग आहे, त्यांनी समुद्राकडील कडेला या गवतास अवश्य थारा द्यावा. पावसाळ्याच्या आरंभी, आपल्याच जागेतील खोडाचे दोनतीन पेरांचे तुकडे वाळूत पुरावेत. ऊन भरपूर हवे; खत नको; चिकणमाती व साचलेले पाणी तर मुळीच नको. नर व मादी रोपे वेगवेगळी असल्याने प्रत्येक चेंडूत बी असतेच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याच्या आडोशाला मर्यादवेल, मग केवडा व निगडी आणि शेवटी उंडी व माड अशी उतरंड लावावी. काट्यांमुळे मुलांच्या खेळण्याच्या जागी व पायवाटेवर मात्र ते लावू नये. अंगणात हिरवळ हवी असल्यास आपली हरळीच बरी. तीही खारटपणा बऱ्यापैकी सोसते. इंदूर, बडोदे वा हैदराबादेत कूपनलिकेच्या मचूळ पाण्याने हिरवळ करपत असेल, तर तेथील भगिनींनीही हरळीचाच विचार करावा. रावणाच्या मिशा घरी नेण्याचा मोह मात्र टाळावा. त्या पुळणीवरच शोभतात.

किनारपट्टी नियमनाच्या १९९१ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकाडांत फेरबदल करण्यास, सुशोभनासाठीसुद्धा, मनाई केली. २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी त्यांची गणना अतिसंवेदनशील स्थळांत केली. परंतु खरी राखण कायद्याहून आपल्या नजरेने व्हावयाची आहे. जे टोचते ते निरुपयोगी, ही समजूत सोडली पाहिजे.

मामांनी पुन्हा लावलेले गवत आता भाटाच्या टोकाशी चांगले पसरले आहे. ओसरीतून समुद्र थोडा कमी दिसतो, पण मामींच्या केरसुणीला विसावा मिळाला आहे.