लेकराची शहरातली खोली : उक्ती घ्यावी की मोजून?



जून उजाडला की आपल्या घरी दोन खर्च एकाच वेळी दाराशी येतात. एक बियाणे-खताचा आणि दुसरा लेकराच्या शिक्षणाचा. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला १९८३ पासून विद्यापीठ आहे. त्यामुळे अकोट, तेल्हारा, दर्यापूर, चांदूरबाजार या भागांतली पोरेपोरी या दोन शहरांत खोली करून राहतात. खोली पाहायला गेले की घरमालक विचारतो, "लाईट-पाणी धरून पाहिजे, की वेगळे?" इथे पुष्कळजण गडबडतात. खरे तर हा व्यवहार आपल्याला नवा नाही. संत्र्याची बाग उक्ती द्यायची की माल मोजून, तोच हा प्रश्न आहे. उक्त्या सौद्यात व्यापारी आपली जोखीम भावात धरतो. घरमालकही तेच करतो.

हिशेब असा मांडा

हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज जळते. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट होतात. २० वॅटची ट्यूब सहा तास लागली, तर सुमारे ४ युनिट. म्हणजे साध्या महिन्याला ३१ युनिट. पण वऱ्हाडातला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला की महिन्याला ६० युनिट वाढतात आणि बेरीज ९१ वर जाते.

आता समजा, एक खोली ३,००० रुपयांना, सगळे धरून. दुसरी २,५०० रुपयांना, पण वीज मीटरप्रमाणे, युनिटला १२ रुपये. पहिल्या खोलीत वर्षाला ६,००० रुपये जास्त जातात. दुसऱ्या खोलीत साध्या महिन्याला ३७२ आणि उन्हाळ्यात १,०९२ रुपये वीज लागते. पोरगी बाराही महिने राहिली आणि त्यात तीन महिने कूलर चालला, तर विजेचे ६,६२४ रुपये होतात. इथे उक्ती खोली स्वस्त पडते. मात्र मे-जूनमध्ये ती गावी आली आणि कूलर फक्त एप्रिलात चालला, तर ४,४४० रुपयेच होतात; इथे मीटरची खोली स्वस्त. थोडक्यात, सुटीत घरी येणाऱ्याने मोजून घ्यावी आणि स्पर्धा परीक्षेसाठी उन्हाळाभर राहणाऱ्याने उक्ती घ्यावी. आकडे तुमच्या खोलीचे घाला, रीत हीच ठेवा.

उक्त्यात काय काय आले?

"सगळे धरून" या शब्दांवर विसंबू नका. कूलर चालेल का? पाणी तापवायचा रॉड चालेल का? दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला तरी महिन्याला २२ युनिट खातो. पिण्याच्या पाण्याची कॅन कोणाची? मोटारीची वीज कोणाकडे? एकाच मीटरवर चार खोल्या असतील, तर तेही विचारा. युनिट वाढतील तसा वरच्या टप्प्यातल्या युनिटांचा दर चढतो. चौघांची वीज एकत्र मोजली की भुर्दंड सगळ्यांवर बसतो.

पाण्याचेही तसेच. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे पाणी येते. टंचाईच्या वर्षी अकोल्यात नळाची पाळी कित्येक दिवसांनी येते. म्हणून "पाणी धरून" म्हटले की टाकी केवढी आहे आणि टँकर आणावा लागला तर पैसे कोण देणार, हे आधी ठरवा. कूलरची टाकीही रोज भरावी लागते, हे विसरू नका.

बोलणे कागदावर आणा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सलाही हे लागू आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. करारात वीज, पाणी, अनामत आणि वर्षाच्या मध्ये भाडे वाढणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. राहायला जाल त्या दिवशी मीटरचा आकडा दोघांच्या सहीने टिपून ठेवा. दर महिन्याची पावती मागा.

वसतिगृह आधी पाहा

खोलीच्या आधी कॉलेजच्या आणि सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. शिकणाऱ्या गरीब पोरांची राहायची सोय व्हावी, म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले होते. त्यांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिकणाऱ्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना तिचा लाभ मिळू शकतो. अटी कॉलेजच्या कार्यालयात विचारा.

आपला पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर येतो, भाडे मात्र दर महिन्याला लागते. मध्येच विजेचे मोठे बिल आले, की आधी पोरीचे शिक्षण तोडायचा विचार घरात निघतो. पोराचे कसेबसे चालू राहते. हे मी गावोगाव पाहिले आहे. म्हणून वर्षाचा आकडा जूनमध्येच काढा आणि माल विकला की उरलेल्या महिन्यांचे भाडे बाजूला काढून ठेवा. खोली पाहायला जाताना पोरीलाही सोबत न्या आणि हा हिशेब तिच्याच हाताने मांडू द्या. तिथे राहायचे तिला आहे.